न आलेल्या तापाचा खर्च

आमच्या बडेबाबूंना वर्षाला तीन वेळा सर्दी होत असे. दोनदा नाही, चारदा नाही. मागल्या तीन वर्षांची सरासरी तीन निघत होती, म्हणून चालू सालाला तीन मंजूर, असा त्यांचा स्वतःच्या शरीराशी करार होता. दिवाळीपर्यंत पहिली आणि संक्रांतीपर्यंत दुसरी आटोपली की त्यांचा चेहरा शांत असे. पण फेब्रुवारी सरला आणि तिसरी आली नाही, की त्यांचा जीव टांगणीला लागायचा. एकतीस मार्चच्या आत ती झाली नाही तर मंजुरी वाया जाणार, सरासरी खाली येणार आणि पुढच्या साली वाट्याला दोनच सर्द्या येणार. मग खरोखरची तिसरी झाली तर ती भागवायची कुठून? नागपूरच्या मार्चात, उन्हाच्या झळा सुरू झाल्यावर, सर्दी व्हावी म्हणून माणूस किती खटपट करू शकतो ते मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. ओलं धोतर नेसून ते कचेरीच्या खिडकीत वाऱ्याला बसत आणि मडक्यातलं पाणी पेल्यामागून पेला पीत. एकोणतीस-तीस तारखेला त्यांना एकदाची शिंक आली की सगळी शाखा सुटकेचा श्वास टाकी.

मध्यप्रांताच्या सरकारचे दवाखाने, देवीच्या लसी, कॉलऱ्याच्या साथीत विहिरीत टाकायची औषधं, वेड्यांच्या इस्पितळातलं दूध, या सगळ्यांचं वर्षाचं अंदाजपत्रक सिव्हिल लाइन्समधल्या ज्या टेबलावर तयार होई, त्या टेबलाचे ते हेडक्लार्क. साहेब येत, गोल्फ खेळत, विलायतेला परत जात. टेबल आणि बडेबाबू जागचे हलत नसत. मी त्यांच्या हाताखालचा चौथा कारकून, कुहीकडच्या एका खेड्यातला, मॅट्रिक होऊन टायपिंग येतं एवढ्याच भांडवलावर चिकटलेला. पहिल्याच दिवशी त्यांनी मला समोर उभं करून उपदेश केला होता.

"जगात दोनच गोष्टी आहेत गा. एक जे हेडात बसते ते, अन् दुसरं जे झालंच नाही ते. तिसरी गोष्ट कोणी सांगितली तर त्याले माझ्याकडे पाठव."

हेड म्हणजे खर्च ज्या शीर्षाखाली मांडायचा ते शीर्ष. बडेबाबूंच्या लेखी माणसाच्या अंगाला नऊ द्वारं नसून पंधरा हेडं होती. एका कारकुनानं पोटदुखीची रजा मागितली तर त्यांनी विचारलं, "हे दुखणं दरसालचं की एकवेळचं?" तो बिचारा घाबरून म्हणाला, "एकवेळचं असावं जी." "असावं म्हणजे? मागल्या साली दुखलं होतं का नाही?" आठवण करता करता त्याचं पोट दुखायचं थांबलं आणि तो जागेवर जाऊन बसला. याला ते प्रशासन म्हणत.

वरच्या तालुक्यातल्या एका डॉक्टरनं कॉलऱ्याच्या रोग्याचा खर्च पाठवला होता. रोगी तीस मार्चला आजारी पडला आणि दोन एप्रिलला मेला. म्हणजे दोन सालांत मेला. बडेबाबूंनी कागद परत पाठवला, त्यावर प्रश्न असा, की सदर मृत्यूचा किती भाग मागील सालात झाला? मला वाटलं, डॉक्टर आता शिव्या लिहून पाठवणार. त्यानं उत्तर दिलं, "तीन चतुर्थांश." बडेबाबू इतके खूश झाले की त्यांनी तो कागद आम्हा सगळ्यांना वाचून दाखवला, आणि हा डॉक्टर पुढे जाईल असं भविष्यही सांगितलं.

घरी, नागपूरच्या महाल भागात, त्यांचं काही चालत नसे. एकदा त्यांच्या पत्नीची दाढ दुखायला लागली. यांनी विचारलं, खर्चाचा अंदाज काय? आणि यंदा दातांसाठी तरतूद आहे कुठे? बाईंनी दोन दिवस दाढेत लवंग धरून काढले. तिसऱ्या दिवशी शेजारणीला घेऊन गेल्या, दाढ उपटून आल्या आणि जेवताना ती यांच्या ताटात, लोणच्याच्या शेजारी ठेवली. "हे घ्या व्हाउचर," म्हणाल्या. ही गोष्ट बडेबाबूंनी स्वतःच आम्हाला सांगितली, तीही कौतुकानं. व्हाउचर अस्सल होतं, याचं त्यांना समाधान होतं.

उन्हाळ्यात सरकार फायलींच्या पेट्या भरून पचमढीला जाई. साहेब, शिरस्तेदार, चपराशी, सगळे थंड हवेला. बडेबाबू मात्र कधीही गेले नाहीत. त्यांच्या सर्दीची सरासरी नागपूरच्या हवेवर काढलेली होती, पहाडातल्या एका शिंकेनं सगळा हिशेब बिघडला असता. म्हणून मे महिन्यात नागपुरात सरकार कुठे आहे असं कोणी विचारलं, तर ते वाळ्याच्या ताटीमागे एका टेबलाशी घाम पुसत बसलेलं असे.

लोक त्यांना दगड म्हणत. मीही म्हटलं आहे.

मग ते काटकसरीचं साल आलं. कापसाचे भाव पडले होते, सरकारची तिजोरी आटली होती आणि वरून हुकूम आला की दवाखाने कमी करा. कोणते करायचे यासाठी कसोटी बडेबाबूंनीच सुचवली, आणि ती साहेबांना फार आवडली. ज्या दवाखान्यात ओळीनं तीन सालं मंजूर औषधाच्या निम्मंही औषध लागलं नाही, तो दवाखाना बंद. यादी टाइप करायला माझ्याकडे आली. सातवं नाव माझ्या गावाचं होतं.

तिथला डॉक्टर हे आमच्या गावाचं नशीब होतं. तो आला तेव्हा अर्धं गाव हिवतापानं कुडकुडत असायचं. त्यानं कोयनेल, म्हणजे क्विनीन, वाटलं, पण त्याहून जास्त लोकांना कामाला लावलं. खड्डे बुजवून घेतले, डबक्यांवर रॉकेल ओतलं, तलावात बोटाएवढे मासे आणून सोडले, ते डासांची पिल्लं खात. चार वर्षांत ताप गेला. कोयनेलच्या पुड्या कपाटात पडून राहिल्या. दोन सालं निम्म्याच्या खाली गेली होती आणि हे तिसरं आता एकतीस मार्चला संपत होतं.

माझी ताई त्याच गावात दिलेली. तिची पहिली दोन मुलं जन्मतःच गेली होती, आणि दुसऱ्या वेळी ती स्वतः वाचली ती या डॉक्टरमुळे. आता तिसऱ्यांदा दिवस होते. बाळंतपण श्रावणात यायचं होतं, आणि आषाढापासून आमच्या नाल्याला कन्हान नदीचं उलटं पाणी चढतं, गाव चार-चार दिवस तुटलेलं असतं. दवाखाना गेला तर तिला न्यायला दुसरी जागाच नव्हती. मी यादी टाइप न करता तशीच घेऊन बडेबाबूंपुढे उभा राहिलो.

"एवढा दवाखाना राहू द्या जी."

"मी कोण बंद करणारा? सरासरी बंद करून राहिली."

"पण तिथं ताप नाही, तो दवाखाना आहे म्हणून नाही. दवाखाना उठला की ताप येईन."

त्यांनी लाल पेन्सिल खाली ठेवली. मला वाटतं, त्यांच्या नोकरीत त्यांना कोणी असा प्रश्न घातलाच नव्हता.

"म्हणजे तू सांगून राहिला, का जो ताप आलाच नाही, त्याचा खर्च मी दाखवू? कोणत्या हेडात?"

"मले नाही समजत जी. माझी बहीण आहे तिथं. दिवस आहेत तिले. पहिली दोन गेली."

"महिना?"

"श्रावण."

"रस्ता?"

"आषाढापासून बंद असते."

त्यांनी यादी माझ्याकडून घेतली, खणात टाकली आणि ठीक पाचला छत्री घेऊन घरी गेले. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर त्यांचा रजेचा अर्ज होता, पंधरा वर्षांतला पहिला. कारण, हिवताप. मी विचारलं, "ताप आहे का जी तुम्हाले?" ते म्हणाले, "येणार आहे. तुह्या गावाले चाल."

त्यांचा बेत ऐकून मी हसावं की पायावर डोकं ठेवावं हे मला कळेना. खोटा रोगी दाखवणं त्यांना मान्य नव्हतं. पण खरा ताप खऱ्या माणसाला त्या गावात आला आणि त्यानं खरं कोयनेल खाल्लं, तर खर्च खरा. सालाच्या अखेरीला मंजुरी शिल्लक राहिली की ती आपल्या अंगावर घेऊन संपवायची, ही रीत त्यांना सर्दीमुळे अंगवळणी पडलेली होती. तीच त्यांनी दवाखान्याला लावली, एवढंच.

छोट्या रेल्वेनं कुही, तिथून बैलांच्या रेंगीत बसून आम्ही गावात पोचलो. ताईनं मला बाजूला घेऊन विचारलं, "हे कोण आणलं रे भाऊ? येऊन पाणीबी नाही घेतलं, अन् मच्छर कुठं भेटतात म्हणून पुसून राहिले."

संध्याकाळी बडेबाबू सदरा काढून तलावाच्या पाळीवर उघड्या अंगानं जाऊन बसले. पाठ पाण्याकडे, हात गुडघ्यांवर, डोळे मिटलेले. एक तास झाला, दोन झाले. एकही डास आला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी जागा बदलली. गावात बातमी पसरली की तलावावर कोणी मोठा बाबा आला आहे, बोलत नाही, खात नाही, नुसता बसतो. तिसऱ्या संध्याकाळी त्यांच्यापुढे चार नारळ आणि एक कोंबडी होती. एक म्हातारी पाय धरून म्हणाली, "महाराज, माह्या पोराले नोकरी लागू द्या." बडेबाबू डोळे न उघडता म्हणाले, "अर्ज करा."

चौथ्या दिवशी ते डॉक्टरवर जवळजवळ धावूनच गेले.

"काय करून ठेवलं जी तुम्ही या गावाचं? इथं आजारी पडायची सोयच नाही!"

डॉक्टर शांत माणूस. तो म्हणाला, "त्याचीच तर शिक्षा होऊन राहिली ना मला."

बडेबाबू ओट्यावर बसले. डोकं धरून बसलेले मी त्यांना त्याच दिवशी पाहिले. मग एकदम उठले, माझ्याकडे वळले आणि बोटांवर मोजत पुटपुटू लागले. दौऱ्यावरच्या सरकारी नोकरांना तापाच्या मुलखात प्रतिबंधक कोयनेल द्यावं, असा एक जुना नियम होता. तो कित्येक वर्षांपूर्वी त्यांनीच लिहिला होता. आमच्या गावाचं नाव तापाच्या मुलखाच्या यादीतून काढायचं अजून कोणाला सुचलं नव्हतं. त्यांनी कुहीहून तार केली की रजा रद्द समजावी, दवाखाना तपासणीचा दौरा सुरू केला आहे, औषधसाठा मोजायला सहा कारकून पाठवावेत. बंद होणाऱ्या दवाखान्याचा साठा मोजायला माणसं लागणारच, म्हणून साहेबांनी पाठवलीही.

निम्मं गाठायला चाळीस पुड्या कमी होत्या. बडेबाबूंनी आणि मी रोज एक, आठ दिवस. शनिवारी सहा कारकून आले, त्यांना रविवार संध्याकाळपर्यंत प्रत्येकी चार. बेरीज बरोबर चाळीस. रजिस्टर ओट्यावर ठेवलं, डॉक्टर पुडी देई, कारकून सही करी. त्यांनी पहिली पुडी बडेबाबूंच्या देखत घेतली, तोंड वाकडं केलं आणि पुढच्या तिन्ही हातात घेऊन ते "पाण्यासंगं घेतो जी" म्हणत मागच्या बाजूला गेले. रविवारी रात्री सगळे खुशीत नागपूरला परतले.

सोमवारी सकाळी बडेबाबू लोटा घेऊन बाहेर गेले आणि एरंडीच्या झुडपांमागे त्यांना पुड्या सापडल्या. तेवीस होत्या. अठरा कारकुनांच्या आणि पाच माझ्या. होय, माझ्या. बहीण माझी, दवाखाना माझ्या गावाचा, आणि तीन दिवस ती कडवट चव सहन करून चौथ्या दिवसापासून मीही पुडी एरंडीत टाकत होतो. मी मनाशी म्हणत होतो की खर्च तर कागदावर लागलाच आहे.

मी विहिरीवर गेलो तेव्हा ते पुड्यांवरची धूळ फुंकून काढत होते.

"बडेबाबू, जाऊ द्या ना जी. रजिस्टरात लिहिलं आहे, पुरे झालं."

"फेकली ते नासाडी. नासाडीचं हेड वेगळं," ते म्हणाले. "रजिस्टरात लिवलं, का पोटात गेली. तर पोटात गेलीच पाहिजे. कोणाच्या पोटात, हा रकाना त्याच्यात नाही."

त्यातल्या कोणत्या कोणाच्या हे त्यांनी विचारलं नाही. मी पुढे होऊन निदान माझ्या पाच मागून घ्यायला हव्या होत्या. मी घेतल्या नाहीत. कोयनेल फार कडू असतं, यापलीकडे माझ्याजवळ कारण नाही, आणि आजही त्या सकाळची मला लाज वाटते.

एकतीस तारखेच्या आत त्यांनी त्या तेवीसच्या तेवीस संपवल्या. तिसऱ्या दिवशी ते ओकू लागले, भिंत धरून चालू लागले आणि कानात भुंगे शिरले म्हणून सांगू लागले. डॉक्टरनं मला काय प्रकार आहे ते विचारलं, मी सांगितलं, आणि त्या शांत माणसानं मला पहिल्यांदा शिवी दिली. त्यानं बडेबाबूंना दवाखान्याच्या एकुलत्या खाटेवर निजवलं. त्या सालातला तो दवाखान्याचा पहिला अंथरुणाला खिळलेला रोगी. खाटेवर पडल्या पडल्या बडेबाबू डॉक्टरला खुणेनं विचारत होते, की आपली नोंद झाली ना?

दवाखाना वाचला. पचमढीला गेलेल्या यादीत सातवं नाव नव्हतं. उलट मे महिन्यात डॉक्टरला वरून ठपक्याचं पत्र आलं, की तुमच्या गावात मार्चअखेर तापाचा एवढा जोर का झाला याचा खुलासा करा. त्यानं खुलासा केला, "आता आटोक्यात आहे." पुढच्या सालासाठी औषधाची रक्कम वाढवून मिळाली.

कानातले भुंगे आठवड्यात जातील असं डॉक्टर म्हणाला होता. ते गेले, पण जाताना बडेबाबूंचं ऐकणंही घेऊन गेले. आधी कुजबुज ऐकू येईना, मग बोलणं, मग टाइपरायटर. आम्ही चिठ्ठ्यांवर लिहून त्यांच्याशी बोलू लागलो. ते मात्र मोठ्यानं बोलत, स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही म्हणून आणखी मोठ्यानं.

श्रावणात ताईला मुलगी झाली. आडवी होती, डॉक्टरनं चार तास झगडून काढली. बाहेर नाला दुथडी भरून वाहत होता, गाव दोन दिवस तुटलेलं होतं. पाणी ओसरल्यावर माझा भावजी चालत कुहीला आला आणि तिथून त्यानं निरोप धाडला. मी धावत बडेबाबूंच्या टेबलाशी गेलो आणि ओरडून सांगितलं. त्यांना कळलं नाही. मग मी चिठ्ठीवर लिहिलं. त्यांनी ती वाचली, घडी केली, सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली आणि सगळी कचेरी दचकेल अशा आवाजात विचारलं, "दोघी बऱ्या आहेत?" मी मान हलवली. मला रडू येत होतं, ते दिसू नये म्हणून मी त्यांच्या दौतीत उगाच शाई भरत बसलो.

बहिऱ्या हेडक्लार्कला सरकार किती दिवस ठेवणार? दिवाळीनंतर साहेबांनी त्यांना कायमचं घरी बसायला सांगितलं. नोकरीची चार वर्षं बाकी होती, म्हणजे पेन्शन तुटपुंजं. पण अपंगत्व सरकारी कामावर असताना आलं असेल, तर जादा पेन्शन मिळे. त्यांचं तर उघडउघड कामावर असतानाच आलं होतं. दौरा मंजूर, औषध नियमाप्रमाणे, नोंद रजिस्टरात. त्यांचा अर्ज टाइप करायला मी बसलो. इंग्रजी अर्जात एक रकाना होता, बहिरेपणाचं कारण. मी हात थांबवून त्यांच्याकडे पाहिलं.

"वय," ते ओरडले. "वय लिव."

त्यांना एकावन्नावं चालू होतं. मी चिठ्ठी लिहिली की कोयनेल लिहू द्या, नियम तुमच्या बाजूनं आहे, घरी बाई आहेत, त्यांचा तरी विचार करा. त्यांनी ती वाचली.

"मले मालूम आहे नियम. पण कोयनेल लिवलं, का ते पुसतीन, किती खाल्लं? मंग पुसतीन, एवढं काहून खाल्लं? मंग रजिस्टर उघडतीन. अन् मंग तुह्या गावची सरासरी पुन्हा काढतीन." एवढं ते खिडकीबाहेरच्या चपराशालाही ऐकू जाईल अशा आवाजात बोलले, आणि आपण कुजबुजत आहोत अशा समजुतीनं माझ्या खांद्यावर हात ठेवून आजूबाजूला पाहिलं. शाखेतले सहाही कारकून फायलीत तोंड खुपसून बसले होते. कोणीही, कधीही, ते बाहेर बोललं नाही.

मी टाइप केलं. कारण, वय. कागद काढून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा पुसून ती ओळ वाचली, पुन्हा वाचली, आणि लाल पेन्सिल उचलली. खोडा, मी मनात म्हणत होतो, एवढी एक खोटी ओळ खोडून टाका. पेन्सिल त्या शब्दावर थोडा वेळ टेकून राहिली. मग त्यांनी ती बाजूला ठेवली, टाक दौतीत बुडवला आणि खाली सही केली.